सिरॅमिकचं प्रदर्शन भरवताय? मांडणीची संध्याकाळ पावतीवर लिहून घ्या

ताई, तुमची पोस्ट वाचली. साताऱ्यात तीन दिवसांचं सिरॅमिकचं प्रदर्शन, जोडीला दोन कलाकारांची व्याख्यानं, हॉलसाठी अर्ज दिलाय आणि तिथले क्लार्क ‘विक्री आहे का ते आधी सांगा’ म्हणून अडून बसलेत. आमच्याही सांगलीतल्या सिरॅमिक प्रदर्शनाचं इथूनच बिनसायला सुरुवात झाली होती, म्हणून जरा सविस्तर लिहिते. निमंत्रणपत्रिका, बॅनर, पाहुणे, चहापाणी यावर काही लिहीत नाही. ते कुणालाही जमतं. आणि नियम हॉलगणिक वेगळे असतात, तेव्हा मी लिहिलंय ते तुमच्याकडे जसंच्या तसं लागू होईलच असं नाही.

आधी विक्रीचं बघू. बहुतेक सार्वजनिक हॉलना दोन दर असतात. व्याख्यान, गाणं, चित्रप्रदर्शन यांना सांस्कृतिक दर आणि साड्या, चादरी, लोणची-पापड यांच्या सेलला व्यावसायिक दर. चित्रं भिंतीवर लागली की कुणी काही विचारत नाही. पण वाडगे, सुरया, बरण्या दिसल्या की ऑफिसला तो कपबश्यांचा सेल वाटतो. आमच्या अर्जावर त्या माणसाने स्वतःच्या हाताने ‘प्रदर्शन व विक्री’ असं लिहिलं आणि भाडं, अनामत, दुसऱ्या खात्याचं पत्र असं सगळं एका शब्दाने वाढलं. तुम्ही अर्जाच्या विषयातच ‘कलाप्रदर्शन व व्याख्यान’ असं लिहा आणि सोबत कलाकारांची माहिती व कामाचे फोटो जोडा. हॉलमध्ये गल्ला ठेवू नका. किमतीची यादी एका फाइलमध्ये असू द्या, ज्याला घ्यायचं असेल तो कलाकाराशी नंतर बोलेल. मात्र खरोखरच काउंटर लावणार असाल तर खोटं लिहू नका, व्यावसायिक दर भरून मोकळं व्हा. मधेच कुणी पावती मागितली तर तीन दिवसांचं वाटोळं होतं.

आता ज्याचा आम्हाला सगळ्यात जास्त फटका बसला ते. ऑफिसचं नाव घेत नाही, सांगलीकरांनी इथे अंदाजही लावू नयेत ही विनंती.

पावतीवर तीन तारखा होत्या, सकाळी नऊ ते रात्री नऊ. आम्ही आदल्या दिवशीची संध्याकाळ मांडणीसाठी मागितली, वेगळं भाडं भरायचीही तयारी दाखवली. उत्तर मिळालं, “या की ओ, उघडून देतो. त्याला पावती कशाला?” लेखी द्या म्हटलं तर “तसा रकाना नाही.” त्या संध्याकाळी टेम्पो घेऊन पोचलो तर आत कुणाचा तरी सत्कार समारंभ चालू होता. वॉचमन म्हणाला, मला काही सांगितलेलं नाही. ज्यांनी शब्द दिला होता त्यांचा फोन बंद. पुद्दुचेरीहून दोन गाड्या बदलून आलेली कलाकार मुलगी व्हरांड्यात आपल्या पेट्यांवर हात ठेवून उभी होती. सत्कार संपल्यावर खुर्च्या काढणाऱ्या पोरांनी तिची एक पेटी ‘आडवी येतेय’ म्हणून उचलून उलटी ठेवली. ती पेटी कशी ठेवायची याचे बाण चारही बाजूंना काढलेले होते. आत वळ्या रचून उभारलेला कमरेएवढा रांजण होता. सकाळी उघडला तर त्याच्या काठाचा टवका उडालेला. ऑफिसचं म्हणणं, “माल तुमचा, जबाबदारी तुमची.” पावतीवर नसलेल्या वेळेत घडलं, त्यामुळे आमच्या हातात दाखवायला कागदच नव्हता.

रांजणाचं वाईट वाटलंच. पण त्याहून मोठं नुकसान दुसरं झालं. सकाळी नऊला कुलूप उघडलं आणि अकराला उद्घाटन होतं. मिरजेच्या बाजूचे काही कुंभार आम्ही मुद्दाम दहा वाजता बोलावले होते. उद्घाटनाची गर्दी व्हायच्या आधी त्यांनी निवांत भांडी बघावीत, कलाकाराशी बोलावं, असा बेत होता. ते वेळेवर आले. आम्ही पेट्या फोडत होतो, जमिनीवर पेंढा पसरला होता, दारात कुणीतरी त्यांना ‘अजून उघडलं नाही, नंतर या’ म्हणून सांगितलं. दिवस मोडून आलेली माणसं, ती परत गेली. अख्खं व्याख्यान ज्यांच्यासाठी आखलं होतं तेच श्रोते दारातून गेले याचा राग मला आजही येतो. एका रकान्यापायी!

चित्रं दोन तासांत लागतात. सिरॅमिकचं तसं नसतं, आणि हे ऑफिसला समजावून सांगायला लागतं. प्रत्येक नग सोडवून तपासायचा, पोचताना कसा होता याचा फोटो घ्यायचा. उंच आणि अरुंद बुडाच्या भांड्यात कोरड्या वाळूची पिशवी सोडायची, म्हणजे धक्का लागला तरी कलंडत नाही. छोट्या नगांच्या बुडाला मेणाचे ठिपके लावायचे. ठोकळे हलत नाहीत ना ते बघायचं, एका कोपऱ्याखाली पुठ्ठ्याची घडी घालावीच लागते. मग उजेड. चकचकीत ग्लेझवर, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थरावर, ट्यूबलाइटची पांढरी रेघ पडली की खालचा रंग दिसतच नाही. बाजूने येणारा पिवळसर दिवा लागतो, आणि तो कुठून मारायचा हे भांडं जागेवर बसल्याशिवाय कळत नाही. तेव्हा आदली संध्याकाळ तारीख-वेळेसकट पावतीवर घ्या. रकाना नसेल तर अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर लिहा आणि आवक शिक्का, म्हणजे अर्ज मिळाल्याचा शिक्का, मारून घ्या. तेही देत नसतील तर सरळ चार दिवसांचं भाडं भरा. तेही परवडत नसेल तर तो हॉल सोडा आणि एखाद्या शाळेचा चित्रकलेचा वर्ग किंवा वाचनालयाची खोली बघा. मी तर आता अर्जाच्या प्रतीवरच्या शिक्क्यापासूनच सुरुवात करते.

व्याख्यानाबद्दल माझं मत ठाम आहे, पटलं नाही तर सोडून द्या. व्यासपीठ नको. भांड्यांच्या मधे खुर्च्या टाका आणि वक्त्याला हातात नग घेऊन बोलू द्या. स्लाइड लावायच्याच असतील तर थोड्या. आमच्या कलाकाराने सुरुवात पुद्दुचेरीपासून केली. डेबोरा स्मिथ आणि रे मीकर यांनी १९७१ साली तिथे गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली आणि आज देशात स्टोनवेअर, म्हणजे खूप तापवून घट्ट केलेली भांडी, करणारे कितीतरी जण तिथे शिकलेले आहेत. लोक ऐकत होते, पण अंतर राखून. मग तिने भाईंदरच्या ब्रह्मदेव पंडितांचं सांगितलं. बिहारमधल्या कुंभार घरातले, २०१३ साली पद्मश्री मिळालेले. तेव्हा मागच्या रांगेतली माणसं सावरून बसली. साताऱ्यात कुंभार मंडळी येणार असतील तर हे आधी सांगायला सांगा.

दुसऱ्या दिवशी त्या परत गेलेल्या कुंभारांपैकी एक मामा आले. मी स्वतः जाऊन माफी मागितली होती. त्यांनी एक बरणी उचलली, आधी उलटी करून बूड बघितलं, मग बोटाच्या पेराने वाजवून बघितली. खणखणीत वाजली. आतून तडा असता तर बद्द वाजली असती, माठ घेताना आपण तेच करतो. मग आव्याचं, म्हणजे भांडी भाजायच्या भट्टीचं, विचारलं, “आवा किती तापवता?” आमची कलाकार म्हणाली, तेराशे डिग्रीपर्यंत. मामांचा आवा नऊशेच्या आसपास. पुढचा प्रश्न, “मग यात पाणी गार होतं का?” तिने मान हलवली. एवढ्या तापात माती घट्ट होऊन जाते, छिद्रं मिटतात, पाणी पाझरत नाही आणि बाष्प उडत नाही, म्हणून गारही होत नाही. मामा म्हणाले, म्हणजे आम्ही छिद्रं राखायला मातीत लीद घालतो आणि तुम्ही ती बुजवायला लाकडं जाळता. ती लगेच वही काढून लीद किती, कुठली, कशी चाळायची हे लिहून घ्यायला बसली. आमच्या पूर्ण कार्यक्रमातलं सगळ्यात चांगलं व्याख्यान ते, आणि त्याला सहा-सात माणसंच होती. तुमच्या वेळापत्रकात अशी मोकळी सकाळ ठेवाच.

‘हात लावू नये’ अशी पाटी सगळीकडे लावू नका. प्रत्येक कलाकाराकडून हाताळायला एक-दोन नग मागून घ्या आणि वेगळ्या टेबलावर जाड कापड अंथरून ठेवा. भांडं हातात घेतल्याशिवाय त्याचं वजन कळत नाही, आणि वजन कळल्याशिवाय त्याची किंमत पटत नाही. मांडणशिल्पं, म्हणजे खोलीभर मांडलेली मोठी कामं, असतील तर गोष्ट वेगळी. २०१८ साली जयपूरच्या जवाहर कला केंद्रात पहिलं इंडियन सिरॅमिक्स ट्रायनिअल, म्हणजे त्रैवार्षिक प्रदर्शन, भरलं, तिथपासून आपल्याकडेही भांड्यापलीकडची मोठी कामं लोकांसमोर येऊ लागली आहेत. तसं काम येणार असेल तर प्रेक्षक कुठून चालणार हे कलाकारालाच ठरवू द्या.

चाकाचं प्रात्यक्षिक ठेवणार असाल तर ते बाहेर, पत्र्याच्या शेडखाली ठेवा, आणि नंतर कोरडा झाडू अजिबात मारू देऊ नका. ओल्या फडक्याने पुसा. वाळलेल्या मातीच्या धुळीतली सिलिका फुप्फुसाला वाईट. लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयात २०१० साली चिनी कलाकार आय वेवे यांनी पोर्सेलीनच्या, म्हणजे चिनी मातीच्या, दहा कोटी सूर्यफुलाच्या बिया पसरल्या होत्या. लोकांनी त्यावर चालावं अशी कल्पना होती, पण धुळीमुळे काही दिवसांतच चालणं बंद करावं लागलं. एवढ्या मोठ्या संग्रहालयाला ते टाळता आलं नाही, तर आपण काळजी घेतलेली बरी.

तारीख अजून ठरली नसेल तर संक्रांत होऊ द्या. त्याआधी कुंभार सुगडांत अडकलेले असतात, गणपतीच्या आधीचे महिने तर विचारूच नका. पावसाळा टाळा हे सांगायला नको. आम्ही सांगलीकर २०१९ च्या पुरापासून तळमजल्यावर पेट्या ठेवायलाही धजत नाही.

ट्रान्सपोर्टने माल येणार असेल तर बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, ‘ओनर्स रिस्क’ लिहिलेलं असतं ते वाचा. त्याचा अर्थ फुटलं तर ते हात वर करणार. वेगळा विमा होत असेल तर उतरवा, नाहीतर मोठे नग कलाकाराबरोबरच येऊ द्या. पेटीत पेटी, मधे पेंढा किंवा बबल. थर्माकोलचे सुटे दाणे नकोत, प्रवासात नग घसरत खाली बसतो. रिकाम्या पेट्या फेकू नका, परतीला त्याच लागतात. आमच्या हॉलच्या सफाईवाल्यांनी पुठ्ठे रद्दीत घातले होते, त्यामुळे पेट्यांवरही ‘परत न्यायची आहे’ असं मोठ्या अक्षरात लिहा.

पाहुण्या कलाकारांना एक दिवस जास्त राहता आलं तर सातारा जिल्ह्यातल्या औंधला घेऊन जा. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेल्या श्रीभवानी संग्रहालयात प्रसिद्ध इंग्लिश शिल्पकार हेन्री मूरचं मूळ शिल्प आहे हे बाहेरच्या कलाकारांना खरं वाटत नाही. आमची पाहुणी तिथून हलायला तयार नव्हती. जायच्या आधी सुट्टीचा वार तेवढा विचारून घ्या.

अनामतीचं राहिलं. हॉल सोडताना मोकळ्या खोलीचे, भिंतींचे, फरशीचे फोटो काढा आणि ताबा दिल्याची सही घ्या. आमच्या अनामतीतून ‘स्वच्छता’ म्हणून रक्कम कापली, आणि उरलेली मिळायला इतके महिने लागले की कलाकाराला द्यायचा प्रवासखर्च आम्हाला आपसात वर्गणी काढून द्यावा लागला. मानधन आणि प्रवासखर्च अनामतीवर विसंबून ठेवू नका, तो वेगळा बाजूला काढा.

ठोकळे नव्याने करून घेऊ नका. आमच्याकडे प्लायचे पांढरे ठोकळे आहेत, वेगवेगळ्या उंचीचे. थोडा रंग मारावा लागेल. वाळूच्या पिशव्याही आहेत. साताऱ्याला न्यायची सोय तुमची, भाडं काही नाही. तारीख पक्की झाली की व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आणि पावतीचा फोटोही पाठवा, आदली संध्याकाळ त्यात आली आहे का ते मी बघून देते.