मुंज्याची शेंडी आणि वटवाघळाचे पंख

भट्टीपाशी : वाचकांचे प्रश्न

३१ ऑक्टोबरच्या हॅलोविन पार्ट्या आता कोल्हापुरात रुईकर कॉलनीपासून कसबा बावड्यापर्यंत होऊ लागल्या आहेत. त्यामुळे या खेपेला पत्रंही भुतांचीच जास्त आली. एकाच विषयावर चौघांनी विचारलं असेल तिथे एकच पत्र घेतलं आहे.

ताई, सोसायटीतल्या मुलांच्या हॅलोविन पार्टीच्या कुकीज माझ्याकडे आहेत. वटवाघळाच्या साच्याने छान कापल्या होत्या, पण ओटीजीतून (घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनमधून) बाहेर काढल्या तर पंख गायब, नुसते गोळे. पीठ नेहमीच्या नानकटाईचंच होतं, साजूक तुपातलं. कुठे चुकतंय?
— एक वाचक, रुईकर कॉलनी

नानकटाईच्या पिठाकडून वटवाघूळ मागू नका. नानकटाईने पसरावं, वरून तडकावं, हीच तर तिची खासियत. तुपात पाणी नसतं, त्यामुळे बिस्कीट भुसभुशीत होतं आणि पंखासारखा बारीक भाग उचलतानाच तुटतो. घरच्या लोण्यावरही जाऊ नका. दूधकट्ट्यावरून आणलेल्या म्हशीच्या दुधाचं लोणी खायला कितीही गोड असलं तरी त्यात पाणी किती राहिलंय ते कळत नाही. विकतचं बटर घ्या. मीठवालं असलं तरी चालेल, फक्त वेगळं मीठ घालू नका.

मैदा ३०० ग्रॅम, बटर २०० ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, एवढंच. मैद्यातला दोन चमचे काढून तेवढाच कॉर्नफ्लोअर घातला तर कड आणखी स्वच्छ येते. बेकिंग पावडर नको, सोडा नको. आकार मोडण्याचं निम्मं काम तीच करते. उरलेलं निम्मं आपण करतो, केकच्या सवयीने बटर आणि साखर पांढरी होईपर्यंत फेटून. इथे ती दोन्ही नुसती एकजीव करा, हवा भरू नका. मैदा घातल्यावर पीठ गोळा होत नसेल तर दूध चमच्याचमच्याने, आणि तेही जपून.

आता मुख्य गोष्ट, थंडावा. पीठ दोन बटर पेपरच्या मध्ये घालून आधीच लाटा, अर्धा सेंटिमीटर जाड. लाटलेली पोळी पेपरसकट अर्धा तास फ्रीजमध्ये. मग साच्याने कापा आणि कापलेले आकार ट्रेसकट पंधरा मिनिटं फ्रीजरमध्ये. ऑक्टोबरात दुपारी आपल्या स्वयंपाकघरात बटर हातातच वितळतं, तेव्हा हे काम सकाळी लवकर किंवा रात्री काढा. ओटीजी १७० अंशांवर नीट तापलेला हवा. दहा-बारा मिनिटं पुरतात, पण अर्ध्यावर ट्रे फिरवा, कारण घरगुती ओटीजी एका बाजूला जास्त भाजतो. कडा किंचित सोनेरी झाल्या की काढा. मऊ वाटतील, वाटू देत. ट्रेवरच गार होऊन कडक होतात. दुसरा घाणा गरम ट्रेवर लावलात तर पंख पुन्हा गेलेच म्हणून समजा.

मोठं भूत आणि छोटं वटवाघूळ एका ट्रेमध्ये लावू नका. भूत भाजेपर्यंत वटवाघळाचे कान करपतात.

काळं आयसिंग काही केल्या काळं होत नाही, राखाडी होतं. रंग वाढवला तर कडू लागतं आणि मुलांच्या जिभा काळ्या होतात. खायचा कोळसा म्हणून जी पावडर मिळते ती घालू का?
— एक वाचक, शाहूपुरी

कोळसा नको. अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल पोटात औषधं शोषून घेतो, म्हणूनच विषबाधेत दवाखान्यात तो देतात. पार्टीला आलेल्या कुठल्या मुलाची कुठली गोळी चालू आहे, हे आपल्याला कुठे ठाऊक असतं?

काळ्याची सुरुवात पांढऱ्यापासून केली तर रंगाची अख्खी बाटली रिकामी होते. सुरुवात कोकोपासून करा. कपभर आयसिंगला एक मोठा चमचा चाळलेला कोको घालून ते गडद तपकिरी करून घ्या आणि मग काळा जेल रंग थेंबाथेंबाने. गडद राखाडी झालं की थांबा. झाकून ठेवलेला रंग काही तासांत आपोआप चढतो, म्हणून आयसिंग आदल्या रात्रीच कालवा. पातळ रंग घेऊ नका, त्याने आयसिंग सैल पडतं. आपल्याकडे खाद्यपदार्थांत परवानगी असलेले कृत्रिम रंग आठच आहेत: लाल तीन, पिवळे दोन, निळे दोन आणि हिरवा एक. त्यांत काळा नाही, काळा जेल हे मिश्रण असतं. डबीवर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी बघूनच घ्या. सुट्या पुडीतला रंग रंगपंचमीला ठीक.

पण मला खरं विचाराल तर एवढा काळा लागतोच कशाला? अख्खं बिस्कीट काळं केलं की त्यावर काहीच दिसत नाही. पांढरं भूत, त्याला दोन काळे डोळे, एक मोठा आणि एक बारीक, आणि तेही कडेच्या जरा जास्तच जवळ. तोंड काढूच नका. तोंड काढलं की भूत हसायला लागतं.

आमच्या पार्टीत जैन कुटुंबं बरीच आहेत. अंड्याशिवाय आयसिंग कडक होतं का? आणि कोन कसा धरायचा तेही सांगा, माझ्या रेघा थरथरतात.
— एक वाचक, लक्ष्मीपुरी

होतं. सोपा प्रकार असा: कपभर आयसिंग शुगर, मोठा चमचाभर दूध, छोटा चमचा कॉर्न सिरप, लिंबाचे दोन थेंब. सिरपने चकाकी येते. हे वाळायला अख्खी रात्र घेतं आणि अंड्याच्या आयसिंगइतकं टणक होत नाही, पण खायला जास्त बरं लागतं, असं माझं मत.

टणकच हवं असेल तर काबुली चणे बिनमिठाचे शिजवून त्यांचं पाणी गाळा आणि आटवून चिकट करा. गार झाल्यावर दोन-तीन मोठे चमचे पाणी फेस येईपर्यंत फेटून त्यात पाव किलोच्या आतबाहेर आयसिंग शुगर घाला. चण्याचा वास व्हॅनिलाने जातो. बाजारच्या ‘मेरिंग पावडर’मध्ये बहुधा अंड्याचा वाळवलेला पांढरा भाग असतो आणि बऱ्याच मार्शमेलोंमध्ये प्राण्यांपासून काढलेलं जिलेटिन. पाकीट वाचल्याशिवाय ‘शाकाहारी’ म्हणून ताटात ठेवू नका. जे अंड्याचं करतात त्यांनाही सांगते, कच्चा पांढरा बलक मुलांच्या पार्टीत नको.

साखर घरी मिक्सरवर काढली तर कपाला चमचाभर कॉर्नफ्लोअर घालून मलमलच्या फडक्यातून चाळा. एक कणी कोनाच्या टोकात अडकली की सगळं आयसिंग मागून बाहेर येतं.

आयसिंग दोन प्रकारचं हवं. कडेला रेघ मारायला घट्ट, आत भरायला सैल. सैल किती? वाटीत सुरीने रेघ ओढा, दहा-पंधरा आकडे मोजेपर्यंत ती मिटली पाहिजे. लगेच मिटली तर साखर घाला, मिटलीच नाही तर पाण्याचे थेंब.

कोळ्याचं जाळं ओल्यावरच करायचं. पांढरं भरलं, की लगेच त्यावर काळी एकात एक वर्तुळं, आणि टूथपिकने मधून कडेकडे रेघा ओढायच्या. दर रेघेनंतर टूथपिक पुसायची. डोळे मात्र खालचा थर पूर्ण वाळल्यावर, नाहीतर काळं पांढऱ्यात उतरतं.

हाताचं म्हणाल तर कोन मेंदीचाच करा, तसाच गुंडाळलेला, तसाच बारीक कापलेला. टोक बिस्किटावर घासू नका, वर उचलून धरा आणि रेघ खाली पडू द्या. आणि घरात नागपंचमीला सगळ्या आळीच्या हातांवर मेंदी काढणारी एखादी पोरगी असेल, तर तुम्ही बाजूला व्हा.

सासूबाई म्हणतात, दिवाळीच्या तोंडावर घरात भुतंखेतं करून ठेवायची म्हणजे अवदसा. मुलगा हट्टाला पेटलाय. मी मधल्यामध्ये.
— एक वाचक, शिवाजी पेठ

सासूबाईंना परकं वाटणं साहजिक आहे. हा सण आयर्लंड-स्कॉटलंडकडचा. सुगी संपून हिवाळा लागायच्या वेळी, १ नोव्हेंबरच्या ‘सर्व संतां’च्या दिवसाच्या आदल्या रात्री, मेलेले परत फिरतात अशी समजूत. तिकडे आधी सलगम कोरून त्यात दिवा ठेवायचे, माणसं अमेरिकेत गेली आणि तिथे भोपळा मिळाला. पितर येतात, त्यांच्यासाठी पान वाढायचं, हे सासूबाईंना समजावून सांगावं लागणार नाही. आणि २०२४ साली ३१ ऑक्टोबरलाच नरक चतुर्दशी होती. सकाळी पायाखाली कारीट फोडलं आणि संध्याकाळी पोरं भुतं होऊन हिंडली, कुणाचं काही बिघडलं नाही.

पण वाद घालू नका. त्यांना कामाला लावा. त्यांना जितकी भुतं ठाऊक आहेत तितकी तुमच्या मुलाला मोबाईलवर सापडायची नाहीत. माणसाच्या साच्याने कापलेल्या बिस्किटाला डोक्यावर पिठाचीच एक शेंडी चिकटवा आणि खांद्यावरून एक पांढरी तिरकी रेघ ओढा, की झाला मुंजा. मागे पिंपळाच्या पानाचं हिरवं बिस्कीट उभं करा. हडळ करायची तर केस मोकळे, हातात हिरव्या ठिपक्यांचा चुडा, आणि भाजण्याआधी पावलं कापून उलटी चिकटवायची. जोडाला दुधाचं बोट लावलं की सुटत नाहीत. गिऱ्हा पाण्यातला, त्याचे पाण्यावर दिसतील तेवढे नुसते डोळे, खाली निळं. सगळ्यात सोपा चकवा. रात्री उसाला पाणी पाजायला गेलेल्या माणसाला जो बांधाबांधाने फिरवत ठेवतो, तो. गोल बिस्किटावर मधून निघून कडेपर्यंत गरगरत जाणारी एकच रेघ. पोराला करायला द्या, रेघ वाकडी आली तर उत्तमच.

वेताळ तेवढा सोडा. कित्येक गावांत तो देव आहे, त्याला दाताखाली कोण घेणार?

आणि फराळाचे डबे या कामाच्या दिवशी वरच्या फळीवर ठेवा. चकलीला व्हॅनिलाचा वास लागला तर सासूबाईंचं म्हणणं खरं ठरेल.

मी सातवीत आहे. आमच्याकडे साचे नाहीत. साच्याशिवाय सगळ्यात डेंजर कुकी कुठली? एकदम नाद खुळा पाहिजे.
— एक वाचक, उत्तरेश्वर पेठ

चेटकिणीची बोटं कर. पीठ वरचंच. तुझ्या करंगळीपेक्षाही बारीक वळ, कारण भाजल्यावर ती फुगतात आणि जाड झाली तर चेटकिणीची न वाटता पैलवानाची वाटतात. दोन पेरांच्या जागी जरा दाब, म्हणजे मध्ये गाठी राहतील. गाठींवर सुरीच्या पाठीने तीन-तीन आडव्या खुणा. टोकाला सोललेल्या बदामाची अर्धी फाक नख म्हणून खोच, पण त्याआधी कुणाला सुकामेवा चालत नाही का ते विचार. अशा मित्राला भोपळ्याची बी लाव. फ्रीजरमध्ये ठेवून भाज. गार झाल्यावर नख हळूच उचल, खाली लाल जॅम लाव, परत बसव. दाबलंस की कडेने जॅम बाहेर येतो. ओटीजीला हात लावायला आईला सांग. रंग, आयसिंग काही नको, आणि पार्टीत पहिल्यांदा हीच संपतात.

साखरेऐवजी गूळ चालेल का?
— एक वाचक, गांधीनगर

चालेल, पण गूळ ओल धरतो, त्यामुळे बिस्किटं मऊ राहतात आणि थोडी पसरतात. जुना, गडद, कोरडा गूळ बारीक किसून घ्या, सोबत सुंठ आणि लवंग. बारीक पंखांची वटवाघळं नकोत. गोल भोपळे, कवट्या, मांजरं असे भरीव आकार घ्या. गुळाच्या तपकिरीवर पांढऱ्या रेघांची कवटी जशी उठून दिसते, तशी मैद्याच्या बिस्किटावर दिसत नाही.

ओटीजी नाही. दिवाळीत नानकटाई भाजून आणतो त्या बेकरीत नेलं तर?
— एक वाचक, मंगळवार पेठ

न्या की. पण पावाचा घाणा निघून भट्टी उतरल्यावर, आणि नानकटाईची गर्दी सुरू व्हायच्या आधी. जाडी पाऊण सेंटिमीटर ठेवा, सगळे आकार एकसारखे, आणि स्वतः उभ्या राहा. भट्टीवाल्याचं लक्ष खारीकडे असतं.

मुलगा पुण्याला हॉस्टेलवर आहे. या कुकीज पाठवता येतील का? परतीचा पाऊस असला की माझं आयसिंग चिकटच राहतं.
— एक वाचक, ताराबाई पार्क

दुधाऐवजी पाण्यातलं आयसिंग करा आणि पंख्याखाली रात्रभर वाळवा. फ्रीजमध्ये अजिबात नको. बाहेर काढल्यावर पाणी सुटतं आणि डोळे गालावर ओघळतात. बोटाला चिकटेनासं झालं की दोन-दोन बिस्किटं पाठीला पाठ लावून बटर पेपरमध्ये गुंडाळा, डब्यात उभी लावा आणि उरलेल्या जागेत साध्या लाह्या भरा. हडळ पाठवू नका, पावलं वाटेतच तुटतील. चकवा पाठवा.