नाशिकला घरी गॅस नाही, शेगडीसकट सगळं विजेवर, थंडीत महिन्याला ४५० युनिट येतात, नेमकं काय खातंय?

बहुतेक गीझरच, आणि त्याच्या मागोमाग इंडक्शन. मी वायरिंगची कामं करतो, डिसेंबरात इथे टाकीतलं पाणी एवढं गार असतं की २ किलोवॅटचा गीझर रोज दीड तास जरी तापत राहिला तरी ३ युनिट, म्हणजे महिन्याला ९० तिथेच गेले. थर्मोस्टॅट ५० वर आणा, अंघोळी लागोपाठ उरका, बटण दिवसभर चालू ठेवू नका (हे घरोघरी दिसतं). एकदा सगळं बंद करून मीटरवरचा लाल दिवा बघा, तरीही भराभर लुकलुकत असेल तर कुठेतरी लीकेज आहे किंवा काहीतरी चालू राहिलंय. ३०० च्या पुढचे युनिट महागड्या स्लॅबात जातात त्यामुळे वाचले तर तेच आधी वाचतात. फक्त बिलावर रीडिंग सरासरीने टाकलेलं नाही ना, ते आधी मीटरशी ताडून बघा.