शीख मोहल्ल्यापासून आर्मस्ट्राँगपर्यंत

माझी रामबागेतली मावशी कुणाशीही तिसऱ्या वाक्यात नातं लावायची. "कुठले कुलकर्णी? धारचे की देवासचे?" इथून सुरुवात, आणि चहा येईपर्यंत समोरचा माणूस तिच्या जावेच्या भाच्याचा साडू निघालेला असायचा. या सदरात आपण तेच करतो, फक्त माणसं जॅझमधली. नव्या वाचकांसाठी नियम पुन्हा सांगते: नातं रक्ताचं, गुरुशिष्याचं किंवा एकत्र काम केल्याचं हवं. नुसतं ऐकून भारावलेले धरायचे नाहीत. ते धरले तर अर्धं जग अमेरिकन ट्रंपेटवादक-गायक लुई आर्मस्ट्राँगचं सोयरं निघेल.

ताई, कट्ट्यावर पैज लागलीय. इंदूरहून निघून पाच पावलांत लुई आर्मस्ट्राँगपर्यंत पोचता येतं, असं मी बोलून बसलो. हरलो तर सराफ्यात चौघांना भुट्ट्याचा कीस माझ्या खर्चानं. वाचवा! (लोकमान्य नगर, इंदूर)

वाचलास. चारच पावलांत पोचवते. लताबाईंचा जन्म १९२९चा, आपल्या शीख मोहल्ल्यातला. १९६०च्या 'अनुराधा'मध्ये त्या गायल्या, संगीत पंडित रविशंकरांचं. हे पहिलं पाऊल. रविशंकरांच्या साथीला तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ, हे दुसरं. अल्लारखाँ आणि अमेरिकन ड्रमवादक बडी रिच यांची १९६८ साली एक तबकडी निघाली, 'रिच आ ला राखा'. नावातच दोघांवर कोटी. हे तिसरं. आणि गायिका एला फिट्झगेराल्ड व आर्मस्ट्राँग यांच्या १९५६च्या 'एला अँड लुई'वर ड्रमला कोण? हाच बडी रिच. चार.

ती तबकडी मिळवून ऐकच. एरवी हा माणूस घराची कौलं उडवील असा वाजवणारा. इथं मात्र हातात काठ्यांऐवजी ब्रश, आणि मंद आचेवर रवा भाजताना उलथनं फिरावं तसा आवाज. लक्ष दिलं नाहीस तर ड्रम आहेत हेही कळायचं नाही.

रविशंकरांवरून दुसराही रस्ता फुटतो. अमेरिकन सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन त्यांना भेटला होता, त्यांच्याकडून आपल्या रागसंगीताबद्दल समजून घेतलं होतं, आणि १९६५ला झालेल्या मुलाचं नाव त्यानं रवी ठेवलं. तो रवी कोल्ट्रेन आज स्वतः नावाजलेला सॅक्सोफोनवादक आहे. जॉन कोल्ट्रेननं १९६२ला पियानोवादक ड्यूक एलिंग्टनबरोबर ध्वनिमुद्रण केलं, एलिंग्टननं त्याच्या आदल्या वर्षी आर्मस्ट्राँगबरोबर. हीही चारच पावलं. पण रविशंकर-कोल्ट्रेन भेटीला शिकवणी म्हणायचं की गप्पा, यावर तुझे मित्र कीस खाईपर्यंत भांडतील. तबला-ड्रमचा रस्ता पक्का.

इंदूरहून निघायचं तर इंदूर घराण्याचे गायक उस्ताद अमीर खाँसाहेबांपासून का नाही? (उषानगर)

काका, मीही आधी तिथूनच निघाले होते, आणि दाराशीच अडखळले. किराणा घराण्याच्या अब्दुल वहीद खाँचे शिष्य पंडित प्राणनाथ. प्राणनाथांचा शिष्य अमेरिकन संगीतकार टेरी रायली. रायलीनं १९७५मध्ये जर्मनीत कोलोनला डॉन चेरीबरोबर वाजवलं, आणि डॉन चेरी म्हणजे जॅझ सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या चौकडीतला ट्रंपेटवाला. साखळी कशी झकास! पण अमीर खाँसाहेबांवर वहीद खाँच्या गाण्याचा गाढ ठसा असला, तरी ते त्यांचे गंडाबंध, म्हणजे रीतसर दीक्षा घेतलेले, शागीर्द नव्हते. त्यांचं ते नातं कानानं लावलेलं. नियम मीच केला, आता मलाच नडतो. त्यांच्या विलंबितातली ती ऐसपैस, सावकाश बढत ऐकताना मात्र वाटतं, की असा कान असेल तर गंड्याची काय मातब्बरी? तरी नियम बदलत नाही. एकाला सूट दिली की दारात रांग लागते.

ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९५९च्या 'काइंड ऑफ ब्लू'वर बिल इव्हान्स पियानो वाजवतो. १९८१च्या 'द मॅन विथ द हॉर्न'वर बिल इव्हान्स सॅक्सोफोनवर आहे. पण बिल इव्हान्स तर १९८०मध्ये वारला! छपाईची चूक की भुताटकी? (महू)

माझ्या आवडीचा प्रश्न. मी तीस वर्षं ग्रंथालयात कॅटलॉगची कार्डं लावली. पहिल्याच महिन्यात एकाच नावाच्या दोन लेखकांची कार्डं मी एकाखाली एक ओवली, वरून सळई सरकवली आणि ड्रॉवर बंद केला. वैद्यकावरचं पुस्तक मागायला आलेल्या गृहस्थांच्या हातात नाट्यछटा पडल्या. साहेबांनी सगळ्यांदेखत झाडलं: "नावापुढं जन्मसाल लिहायला शाई महाग आहे का?"

तेव्हा जन्मसालं लिहू. इव्हान्स, बिल, १९२९: पियानोवाला. इव्हान्स, बिल, १९५८: सॅक्सोफोनवाला. माणसं दोन, नात्यागोत्याचा संबंध नाही, मालक मात्र एकच, माइल्स. भुताटकी नाही.

पण ड्रॉवर अजून बंद करू नका, तिसरं कार्ड आहे. सॅक्सोफोन, बासरी आणि ओबो वाजवणारा युसेफ लतीफ. १९२०चा जन्म, जन्मनाव विल्यम हडलस्टन. वडिलांनी आडनाव बदलून इव्हान्स केलं, त्यामुळे तरुणपणी तो विल्यम इव्हान्स, म्हणजे घरगुती बिलच, म्हणून वाजवायचा. पुढं इस्लाम स्वीकारला आणि नाव लतीफ झालं. अशा वेळी आम्ही एक 'पाहा' कार्ड घालायचो: "इव्हान्स, विल्यम. पाहा: लतीफ, युसेफ." गंमत अशी, की लतीफ साठीच्या दशकात कॅननबॉल ॲडरलीच्या ताफ्यात होता, आणि 'काइंड ऑफ ब्लू'वर पियानोवाल्या बिलबरोबर सॅक्सोफोन वाजवणाऱ्यांत ॲडरलीही होता.

आता दुसऱ्या बिलचं कार्ड उलटा. १९८४मध्ये तो गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिनच्या महाविष्णू ऑर्केस्ट्रात वाजवत होता. मॅक्लॉफ्लिन म्हणजे 'शक्ती' या ताफ्याचा, तिथं त्याच्या शेजारी झाकीर हुसेन, आणि झाकीर कुणाचे? अल्लारखाँचे. फिरून कीस खाणाऱ्या मुलांच्याच टेबलाशी आलो.

ताई, मागच्या अंकात 'टेक फाइव्ह' ही पाच मात्रांची जॅझ धून पियानोवादक डेव्ह ब्रूबेकची रचना म्हटलंत. चूक ना? आणि पाच मात्रा म्हणजे त्यावर दहा मात्रांचा झपताल बसेल का? (तबला शिकणारी, देवास)

चूक, कान धरते. १९५९ची ती रचना ब्रूबेकच्या चौकडीतला सॅक्सोफोनवादक पॉल डेसमंड याची. १९७७ला तो गेला, तेव्हा आपल्या रचनांचं मानधन त्यानं मृत्युपत्रानं अमेरिकन रेड क्रॉसला दिलेलं होतं. म्हणजे ती धून वाजली की पैसे तिकडं जातात.

झपतालाचं म्हणशील तर खंड उलटे पडतात. आपले दोन-तीन, त्यांचे तीन-दोन. तू तिसऱ्या मात्रेपासून ठेका धर: धी धी ना, ती ना, धी धी ना, धी ना. बसतो की नाही? मात्र गुरुजींसमोर करू नकोस. सम (पहिली मात्रा) कुठं गेली, असं विचारतील.

गेल्या अंकातलं कोडं: 'पथेर पांचाली' आणि 'कॅलिफोर्निया ड्रीमिन' यांना जोडणारा एक माणूस कोण? बरोबर उत्तर एकच आलं, तेही बडोद्याहून. बड शँक. १९६२च्या सुमारास रविशंकरांबरोबर 'पथेर पांचाली'ची धून बासरीवर वाजवणारा तोच, आणि १९६५च्या त्या पॉप गाण्यात मधोमध जो बासरीचा तुकडा येतो, तोही त्याचाच. आपल्या कित्येक इंदूरकरांनी पंडित हरिप्रसाद चौरसियांचं नाव धाडलं. बासरी म्हटली की दुसरं नाव सुचत नाही, मान्य.

नवं कोडं: या सॅक्सोफोनवादकानं न्यूयॉर्कमध्ये एका पुलावर जाऊन रियाज केला, नंतर साठीच्याच दशकात मुंबईला पवईच्या आश्रमात येऊन राहिला, आणि १९८१ला रोलिंग स्टोन्सच्या तबकडीवर वाजवला, पण तिथं श्रेय छापलं नव्हतं. आडनाव बँडच्या नावाला जवळजवळ चिकटूनच आहे, याहून जास्त सांगत नाही. उत्तर पोस्टकार्डावर धाडा, आणि पुलाचं नावही लिहा.