विलेपार्ले पूर्वेला घरांचे भाव उतरण्याची वाट पाहावी का?

पार्ले पूर्वेला जागोजागी जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहत आहेत, मग घरे वाढल्यावर दोन-तीन वर्षांत भाव उतरतील का, की आत्ताच एखाद्या जुन्या सोसायटीत घर घ्यावे, असे आपण विचारले आहे. आमच्या सोसायटीच्या कार्यकारिणीत असताना पुनर्विकासाचे व्यवहार मी जवळून पाहिले आहेत, त्या आधारावर लिहितो.

भाव फारसे उतरतील असे मला वाटत नाही. एका बाजूला रेल्वे, दुसरीकडे द्रुतगती महामार्ग आणि त्यापलीकडे विमानतळ अशा या पट्ट्यात मोकळा भूखंड जवळपास उरलेलाच नाही, त्यामुळे नवे घर जुन्या इमारतीच्या जागीच उभे राहते. समजा, सोळा बिऱ्हाडांची तीन मजली इमारत पाडली, तर आधी त्या सोळाही सभासदांना वाढीव क्षेत्रफळाची घरे द्यावी लागतात आणि उरतील तेवढीच घरे बिल्डर विकू शकतो. सभासदांचे बांधकाम, बांधकाम होईपर्यंतचे त्यांचे दरमहाचे भाडे, कॉर्पस (बिल्डरने सभासदांना द्यायची एकरकमी रक्कम) आणि महापालिकेचे प्रीमियम (जादा बांधकामाच्या परवानगीसाठीचे शुल्क) हा सगळा खर्च त्या मोजक्या घरांवर पडतो. शिवाय विमानतळ प्राधिकरणाच्या उंचीच्या मर्यादेमुळे कागदावर मिळणारा एफएसआय (भूखंडाच्या प्रमाणात मिळणारे बांधकाम) आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरून विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) पूर्ण वापरता येईलच याची खात्री नसते. मागणीही येथे चिवट आहे, कारण घर शोधणाऱ्यांत मूळच्या पार्लेकरांच्या पुढच्या पिढीचा वाटा मोठा असून त्यांना आईवडिलांच्या आणि पार्ले टिळक शाळेच्या जवळच राहायचे असते. खर्च जरा कमी झाला की थांबलेले खरेदीदार लगेच पुढे येतात; सप्टेंबर २०२० मध्ये शासनाने मुद्रांक शुल्क डिसेंबरपर्यंत तात्पुरते ५ वरून २ टक्क्यांवर आणले, तेव्हा डिसेंबरअखेर मुंबईभर नोंदणीसाठी केवढी झुंबड उडाली हे आपल्यालाही आठवत असेल.

जुन्या सोसायटीतील घराबाबत मात्र फार सावध राहावे. विक्रेता आज अस्तित्वात असलेल्या कार्पेटचे (घरातील वापराच्या क्षेत्रफळाचे) नव्हे, तर पुनर्विकासात मिळू शकणाऱ्या जागेचे पैसे मागत असतो. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार पुनर्विकासासाठी ५१ टक्के सभासदांची संमती पुरते, पण ठराव झाल्यापासून इमारत रिकामी होईपर्यंत वर्षे जाऊ शकतात. जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, म्हणजे अभिहस्तांतरण झाले आहे का, हे सर्वांत आधी विचारावे. ते नसेल तर विक्रेत्याच्या आश्वासनांना फारसा अर्थ नाही. दलाल सांगतो त्या दरावरही विसंबू नये. त्याच रस्त्यावरील अलीकडच्या व्यवहारांची इंडेक्स टू (नोंदलेल्या व्यवहाराचा किमतीसह सारांश) नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर पाहावी, कारण मागितलेला दर आणि नोंदलेला दर यांत बरेच अंतर असते.

मासिक देखभाल खर्चाचा विचार खरेदीपूर्वी क्वचितच केला जातो, याचे मला वाईट वाटते. लिफ्ट, यांत्रिक पार्किंग आणि जिम आले की तो खर्च कित्येक पटींनी वाढतो, आणि केवळ निवृत्तिवेतनावर जगणारी जोडपी हौसेने मिळवलेले मोठे घर विकून पार्ले सोडतात.

आपल्याला लगेच राहायला जायचे असेल, तर टीडीआर वापरून २००० नंतरच्या दशकात एकदा पुनर्विकसित झालेल्या, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) असलेल्या इमारतीतील घर मी सुचवेन. त्यावर जीएसटी लागत नाही, मधल्या काळात भाड्याने राहावे लागत नाही आणि पुढच्या पुनर्विकासाच्या आशेचे पैसेही त्या किमतीत सहसा धरलेले नसतात.