नायिकेचं भाषण आधी काढा

विधवा सुनेच्या बंडावरच्या तुमच्या कथेचा मसुदा वाचला. प्रसंग चांगला निवडलात. पण विधवा सून हळदीकुंकवात उभी राहून दीड पान भाषण करते, तिथे कथा सैल पडते. इतकं स्पष्ट बोलणारी बाई आधीच मोकळी झालेली असते. मग ताण उरतो कुठे?

सध्या एवढंच सांभाळा:

- बंड कृतीतून दिसू द्या, आणि कृती लहान ठेवा. ती वाण घ्यायला हात पुढे करते, देणारीचा हात क्षणभर अडतो. इथे संवाद नकोच.
- रूढी तिच्या आतही असू द्या. हीच बाई घरी धाकट्या जावेला ‘पदर घे डोक्यावर’ म्हणू शकते. नवे लेखक नेमकं हेच गाळतात.
- सासूला खलनायिका करू नका. तिला कशाची भीती वाटते ते शोधा.

काळही पक्का करा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. अशा ठरावानंतरच्या गावात कथा उलटी फिरू शकते: कुंकू लावायला नकार देणारी विधवाच तिथे बंडखोर ठरेल. (मला तर ती कथा जास्त आवडेल.)

निवेदन, प्रतीकं वगैरे पुढच्या खर्ड्यात पाहू.