वाचक विचारतात : लोकलची घंटा आणि साखळी

प्रश्न : लोकल सुटताना गार्डच्या केबिनमधून दोनदा घंटा ऐकू येते. ती कशासाठी? (डोंबिवली)

उत्तर : ती मोटरमनसाठी असते. बारा डब्यांच्या गाडीत पुढे मोटरमन, मागे गार्ड (2022 पासून पदनाम ‘ट्रेन मॅनेजर’) आणि मध्ये साधारण अडीचशे मीटर अंतर. फलाटावरची चढउतार पाहून गार्ड दोनदा बटण दाबतो : निघा. मोटरमन तितक्याच घंटा परत देतो, ती पोच. एकच घंटा म्हणजे थांबा. मात्र घंटा मिळाली तरी सिग्नल पाहण्याची जबाबदारी मोटरमनवरून उतरत नाही. एसी लोकलमध्ये आणखी एक अट असते, सगळे दरवाजे बंद झाल्याशिवाय गाडी हलत नाही. पायदानावर लटकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. एकाच्या हट्टापायी सगळी गाडी अडते.

प्रश्न : डब्यात कुणी बेशुद्ध पडलं तर साखळी ओढावी का? (विरार)

उत्तर : गाडी दोन स्थानकांच्या मध्ये असेल तर शक्यतो नको. साखळीमुळे ब्रेक पाइपमधली हवा सुटते, ब्रेक लागतात. मग कर्मचाऱ्याला रुळांवर उतरून तो डबा शोधावा लागतो, झडप पूर्ववत करावी लागते. तोवर रुग्ण मदतीपासून दूर, मागच्या गाड्याही खोळंबलेल्या. 139 वर कळवा, पुढच्या स्थानकात उतरवा आणि कुणाला तरी लगेच गार्डकडे किंवा स्टेशन मास्तरकडे धाडा. गाडी फलाटाला लागलेली असताना कुणी फटीत अडकलं, तर मात्र क्षणभरही न थांबता ओढा.