बेसबॉल बेटिंगसाठी रोजचा अभ्यास: हवामान, फॉर्म आणि बुलपेन यांपैकी कशाला किती वजन द्यावं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही नुकतेच न्यू जर्सीत आला आहात, क्रिकेट लहानपणापासून पाहता, ऑफिसातल्या मंडळींबरोबर बेसबॉलची गोडी लागली आहे, आणि आता रोज हवामान, संघाचा फॉर्म आणि बुलपेनचे (राखीव पिचरांचे, म्हणजे मागाहून चेंडू टाकायला येणाऱ्यांचे) आकडे बघून थोडे पैसे लावायचा विचार आहे. यातल्या कशाकडे किती लक्ष द्यायचं, असा तुमचा प्रश्न आहे. मी शिकागोजवळ राहतो आणि गेले पाच हंगाम याच तीन गोष्टींची वही ठेवतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

माझा क्रम असा: सगळ्यात जास्त वजन बुलपेनला, हवामानाला मोजक्या मैदानांवर आणि तेही मुख्यतः वाऱ्यापुरतं, आणि संघाच्या फॉर्मला जवळपास शून्य. नवीन माणूस नेमका उलट्या क्रमाने जातो. पहिल्या वर्षी मीही तसाच गेलो आणि जुलैपर्यंत बाजूला ठेवलेले सगळे पैसे संपले.

हे उत्तर भारतातून कुणी वाचत असेल तर आधीच सांगतो, २०२५च्या कायद्याने तिकडे पैसे लावायचे ऑनलाइन खेळ देशभर बंद आहेत. त्यांनी यातलं बेसबॉल तेवढं घ्यावं. अमेरिकेत २०१८च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर हा प्रश्न राज्यांकडे गेला आणि न्यू जर्सीत त्याच वर्षी परवानगी मिळाली, त्यामुळे तुमच्याकडे कायद्याची अडचण नाही. पण घरभाड्याचे, गावी पाठवायचे किंवा क्रेडिट कार्डावरचे पैसे यात एक डॉलरही येऊ देऊ नका. हे मी अगदी मनापासून सांगतोय.

आता भाव. एका संघावर मायनस १५० (१५० लावले तर १०० जिंकता) आणि दुसऱ्यावर प्लस १३० (१०० लावले तर १३० जिंकता) असा भाव दिसला, तर पहिल्याचा अर्थ ६० टक्के आणि दुसऱ्याचा साधारण ४३.५ टक्के. बेरीज १०३.५. वरचे साडेतीन म्हणजे बुकवाल्याची कमाई, आणि ती दर बेटमागे तुमच्याच खिशातून जाते. म्हणजे कोण जिंकेल हे ओळखून भागत नाही. भाव सांगतोय त्यापेक्षा खरी शक्यता जास्त आहे का, हे ओळखावं लागतं. आणि तुम्ही जे आकडे बघताय ते भाव ठरवणाऱ्यानेही बघितलेलेच असतात, बहुतेक वेळा तुमच्या आधी. हे कायम डोक्यात ठेवलं तर पुढचं सगळं सोपं जाईल.

क्रिकेटमधून आलेल्या माणसाला बसणारा दुसरा धक्का म्हणजे या खेळात दुबळा संघही भरपूर जिंकतो. २०२४ साली आमच्या शिकागोच्या व्हाइट सॉक्सने १६२ पैकी १२१ सामने गमावले, आधुनिक काळातला तो विक्रम आहे. तरीही त्यांनी ४१ सामने जिंकले. दुसऱ्या टोकाला, १०० सामने जिंकणारा संघ म्हणजे फार भारी संघ, पण तोही ६२ सामने हरतोच.

म्हणूनच ‘गेल्या दहापैकी सात जिंकले’ या वाक्यावर माझा भरवसा नाही. नाणं दहा वेळा उडवलं तर सात किंवा अधिक वेळा छापा यायची शक्यता १७ टक्क्यांच्या आसपास असते. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल लीगमध्ये, ३० संघ आहेत. सगळे तंतोतंत सारख्या ताकदीचे असते, तरी कुठल्याही सकाळी पाचेक संघ ‘फॉर्मात’ दिसले असते. आपण म्हणतो शितावरून भाताची परीक्षा, पण ती जमते कारण सगळा भात एकाच पातेल्यात शिजलेला असतो. बेसबॉलचे दहा सामने दहा वेगळ्या पातेल्यांत शिजतात. समोरचा पिचर रोज वेगळा, मैदान वेगळं, कधी रात्री सामना खेळून पहाटे दुसऱ्या गावी उतरलेला संघ.

फॉर्म बघायचाच असेल तर आज सुरुवात करणाऱ्या पिचरचा बघा, पण त्याचा ईआरए (दर नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावर लागलेल्या रन्सची सरासरी) नको. बॅटला लागून मैदानात राहिलेल्या शंभर चेंडूंपैकी साधारण तीस हिट ठरतात, म्हणजे बॅटर सुखरूप बेसवर पोचतो, आणि त्यात फिल्डरचा आणि नशिबाचा वाटा पिचरपेक्षा फार मोठा असतो. आकडेवारीचे अभ्यासक वोरोस मॅक्रॅकन यांनी २००१मध्ये हे मांडलं तेव्हा बरीच खळबळ उडाली होती, आज सगळे तेच धरून चालतात. पिचरच्या हातात खऱ्या अर्थाने असतात ते स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बॅटर बाद), वॉक (चार वाईट चेंडूंमुळे बॅटरला फुकट मिळालेला पहिला बेस) आणि चेंडूचा वेग. बेसबॉल सॅव्हंट या साइटवर प्रत्येक चेंडूचा वेग फुकट मिळतो. त्याचा फास्टबॉल गेल्या तीन सामन्यांत ताशी दीड-दोन मैलांनी उतरला असेल, तर त्याचा ईआरए कितीही देखणा असो, मी त्याच्या बाजूने पैसे लावत नाही.

हवामानाचा धडा मी रिगली फील्डवर, म्हणजे शिकागोच्या कब्ज संघाच्या मैदानावर शिकलो. ते मैदान मिशिगन सरोवरापासून मैलाच्या आत आहे. नैर्ऋत्येचा वारा असला की चेंडू कुंपणाकडे ढकलला जातो, आणि ईशान्येचा, म्हणजे सरोवरावरून येणारा असला की परत आत येतो. १७ मे १९७९ला तिथे बाहेर जाणाऱ्या वाऱ्यात फिलाडेल्फियाच्या फिलीजनी कब्जना २३–२२ असं हरवलं होतं. मे महिन्यातल्या एका दुपारी फोनवर नैर्ऋत्येचा ताशी १५ मैलांचा वारा दिसला आणि मी एकूण रन्स १०.५च्या वर जातील यावर पैसे लावून सामन्याला गेलो. पहिल्या दोन इनिंगमध्ये स्कोअरबोर्डावरचे झेंडे बाहेरच्या दिशेने ताठ होते. तिसऱ्यात ते लोंबले. चौथ्यात उलट्या बाजूला फडकायला लागले, आणि आमच्या स्टँडमधल्या लोकांनी एकामागून एक जॅकेटं चढवली. सरोवराचा वारा सुटला होता. पाचव्यात एक चेंडू इतका उंच गेला की आम्ही सगळे उभे राहिलो, आणि तो कुंपणावरच्या वेलीच्या दोन पावलं अलीकडे फिल्डरच्या ग्लोव्हमध्ये अलगद येऊन पडला. सामना ४–१ संपला.

घरी येऊन वहीत दोन गोष्टी लिहिल्या. एक, दिवसाचा वारा बघायचा नाही, सामन्याच्या तीन तासांचा तासागणिक वारा बघायचा, आणि तोही त्या मैदानाची बाहेरची बाजू कुठल्या दिशेला आहे ते नकाशावर बघून. दुसरी जास्त महत्त्वाची: एकूण रन्सचा जो आकडा सकाळी ९ रन्स होता, तो मी लावायच्या आधीच १०.५ झाला होता. वाऱ्याची किंमत भावात आधीच लागली होती. माझं म्हणजे वरातीमागून घोडं.

बाकी हवामान पटकन सांगतो. तापमान दहा अंश फॅरनहाइटने वाढलं की ४०० फुटांचा फटका साधारण तीन फूट लांब जातो. एप्रिलच्या थंडीतला झेल जुलैत होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखा कुंपणापार फटका) का होतो, याचं उत्तर यात आहे. दमट हवा जड असते हा समज चुकीचा आहे, पाण्याची वाफ नायट्रोजन-ऑक्सिजनपेक्षा हलकी असते. शिवाय २०२२पासून सगळ्या ३० मैदानांवर चेंडू ठरावीक आर्द्रतेच्या कपाटात ठेवतात, त्यामुळे दमटपणावर डोकं खपवू नका. डेन्व्हरचं मैदान १६०० मीटर उंचीवर आहे आणि तिथे रन्सचा पाऊस पडतो, पण हे जगाला माहीत आहे, भाव तसाच असतो. सात मैदानांना सरकतं छप्पर आहे, तिथे वाऱ्याचा विचार करण्याआधी छप्पर उघडं आहे का ते बघा. आणि पाऊस. नवे लोक त्याला ‘सामना होईल की नाही’ एवढंच समजतात. खरा परिणाम वेगळा असतो. खेळ तासाभरापेक्षा जास्त थांबला की सुरुवातीचा पिचर बहुधा परत येत नाही, त्याचा खांदा थंड पडलेला असतो. मग उरलेला सगळा सामना बुलपेनवर पडतो, आणि त्याची फळं दुसऱ्या दिवशीही भोगावी लागतात.

बुलपेन म्हणजे सुरुवातीच्या पिचरनंतर येणाऱ्या पिचरांचा ताफा, बहुतेक संघांत आठ जणांचा. हल्ली सुरुवातीचा पिचर नऊपैकी सरासरी पाचएक इनिंग टाकतो, म्हणजे सामन्याचा मोठा हिस्सा हेच लोक टाकतात. संकेतस्थळांवर बुलपेनचा जो हंगामी ईआरए दिसतो तो मी वापरत नाही, कारण त्यात आज हात उचलू न शकणारे लोकही धरलेले असतात. प्रश्न असतो तो ‘आज रात्री कोण मोकळा आहे’ हा.

माझ्या वहीचं पान असं असतं. डावीकडे आठ नावं, भरवशाची तीन-चार वर. पुढे तीन रकाने, गेल्या तीन दिवसांचे, आणि प्रत्येकात किती चेंडू टाकले तो आकडा. समजा क्लोझरपुढे (आघाडी राखायला शेवटी येणाऱ्या पिचरपुढे) ०, १८, २२ असं आहे. म्हणजे सलग दोन दिवस टाकलंय, आज तिसरा, आणि बरेच मॅनेजर तिसऱ्या दिवशी त्याला बसवतात. त्याच्या खालच्यापुढे ०, ०, ३१. एका रात्रीत तीस चेंडू पडले की दुसऱ्या दिवशी सुट्टी धरून चाला. तिसऱ्यापुढे १२, ०, १४, तो येऊ शकतो. म्हणजे आज आघाडी असली तरी आठवी-नववी इनिंग कुणीतरी दुय्यम माणूस टाकणार. असं पान भरायला दोन्ही संघांचे मिळून वीस मिनिटं लागतात, सगळे आकडे बॉक्स स्कोअरमध्ये, म्हणजे सामन्याच्या तपशीलवार धावफलकात असतात.

दमलेल्या हाताचं सगळ्यात ठळक उदाहरण २०१६च्या वर्ल्ड सिरीजचं, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेचं. कब्जच्या आरोल्डिस चॅपमनने पाचव्या सामन्यात ४२ चेंडू टाकले. सहाव्यात सातव्या इनिंगला ७–२ अशी आघाडी असतानाही त्याला आणलं, आणखी २० चेंडू. दुसऱ्याच रात्री सातव्या सामन्यात आठव्या इनिंगमध्ये क्लीव्हलंडच्या रजाई डेव्हिसने त्याला दोन रन्सचा होमरन मारून ६–६ बरोबरी केली. कब्ज दहाव्या इनिंगला ८–७ जिंकले म्हणून शहराने ते माफ केलं. मी तेव्हा घरी टीव्हीसमोर उभा होतो, बसवत नव्हतं.

याचा पैशांशी संबंध असा. तुमचं मत सुरुवातीच्या पिचरबद्दल असेल तर फक्त पहिल्या पाच इनिंगवर बेट घ्या, म्हणजे बुलपेनचा धोका उरतच नाही. मत बुलपेनबद्दल असेल तरच पूर्ण सामना घ्या. हा एक फरक कळल्यावर माझं नुकसान सगळ्यात जास्त कमी झालं. आणखी एक: आदल्या रात्री सामना बारा-तेरा इनिंग चालला असेल तर सकाळी बघा, संघाने खालच्या लीगमधून एखादा ताजा पिचर बोलावला असेल. ते न बघता ‘यांचं बुलपेन संपलंय’ म्हणून मी दोनदा फसलोय.

तुमच्याकडे अजून अनुभव नाही, म्हणून माझी विनंती आहे की ऑल-स्टार ब्रेकपर्यंत (जुलैच्या मध्यावरच्या हंगामी सुट्टीपर्यंत) एकही डॉलर लावू नका. सकाळी बुलपेनचं पान भरा, दुपारी वारा आणि छप्पर बघा, बॅटिंग ऑर्डर जाहीर झाली की नेहमीचा कॅचर किंवा मोठा बॅटर बाहेर नाही ना ते तपासा, आणि मग कागदावर बेट लिहा. दोन रकाने मात्र चुकवू नका: तुम्ही निवडलं तेव्हाचा भाव, आणि सामना सुरू होतानाचा भाव. तुम्ही प्लस १२०ला घेतलंत आणि शेवटी तो प्लस १०५ झाला, तर बाजार तुमच्या मताकडे सरकला. सामना हरलात तरी त्या दिवशी अभ्यास बरोबर होता. उलट तुम्ही घेतल्यानंतर भाव रोज वाढतच असेल, तर जिंकलेले पैसे नशिबाचे आहेत आणि ते परत जाणार.

असे शंभरेक सामने भरले की त्या दोन रकान्यांचे आकडे मला इथेच पाठवा. मी बसून बघेन आणि पैसे लावावेत की नुसताच सामना बघावा, ते स्पष्ट सांगेन.